आजारपणाचा दिवस धरून हिशेब करा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की दहा वर्षं जर्मनीत नर्सिंग करून २०२४ मध्ये आम्ही तिघं साताऱ्याला परत आलो. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकच विचारतात : तिकडचं जगणं बरं की इकडचं? त्यातली तीन निवडली आहेत. मी राहिले स्टुटगार्टजवळ एसलिंगेनला, नेकार नदीच्या काठी, आणि नोकरी केली रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात. म्हणजे माझं सगळं सांगणं त्या भागातलं आणि सिस्टरच्या पगारातलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली आहे, वय ३१. मिरजेत खासगी रुग्णालयात नऊ वर्षं झाली, पगार २२ हजार. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास झाले. एक एजन्सी जर्मनीत नोकरी लावून देते म्हणते, पण अडीच लाख मागते. सासर तासगाव तालुक्यात, मिस्टर द्राक्षबाग बघतात. मुलगी सहा वर्षांची आहे. घरचे म्हणतात, तिला सासूबाईंकडे ठेवून दोन-तीन वर्षं पुढे जा, मग बघू. तिथलं जगणं खरंच इथल्यापेक्षा चांगलं आहे का? स्पष्ट सांगा. — एक परिचारिका, मिरज

उत्तर : सिस्टर, आधी त्या अडीच लाखांचं बोलू. ते देऊ नका. जर्मनीला परिचारिका हव्या आहेत, तिथली रुग्णालयं माणसं शोधत फिरताहेत. रीतसर भरतीत भाषेच्या वर्गाचा, विमानाचा, कागदपत्रांचा खर्च नोकरी देणारा करतो. अशा प्रामाणिक भरतीसाठी तिथल्या सरकारने एक प्रमाणचिन्हही ठेवलं आहे, ते त्या एजन्सीकडे आहे का, असं तोंडावर विचारा. आपल्याकडचा नियम सांगते : परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या भरती एजंटालाही तीस हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी (मी राहिले ते हेच राज्य) कुशल मनुष्यबळाचा करार केलेला आहे, त्याचीही चौकशी करा. बागेवर कर्ज काढून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पहिल्या दिवसापासून त्या दबलेल्या असतात. वॉर्डात कुणी कितीही लागट बोललं तरी त्यांना नोकरी बदलायचं मनात आणता येत नाही, कारण गावी हप्ता चालू असतो.

आता पगार. युरो सध्या शंभर रुपयांच्या आसपास आहे, त्यामुळे जो तो शंभराने गुणतो आणि चक्रावून जातो. ते करू नका. मान्यता मिळालेल्या, म्हणजे इथलं नर्सिंगचं शिक्षण तिथे रीतसर मान्य झालेल्या सिस्टरला साधारण ३४०० युरो लागतात असं धरा. त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा, म्हातारपणाच्या शुश्रूषेचा विमा आणि आयकर वजा होऊन एकट्या माणसाच्या हातात २२००-२३०० येतात. आणि मान्यता मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस धरल्या जाता, तेव्हा पगार त्याहून बराच कमी. मान्यतेसाठी बी-वनच्या पुढची बी-टू पातळीची भाषा लागते, आणि तुमच्या अभ्यासक्रमात जे कमी पडतं त्यासाठी एकतर तिथे काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा परीक्षा. मला हे सगळं व्हायला चौदा महिने लागले.

घरभाड्याचे तिथे दोन आकडे असतात, एक ‘थंड’ आणि एक ‘गरम’. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे धरून. जाहिरातीत थंड आकडा मोठ्या अक्षरात असतो, खिशातून जातो तो गरम. आमच्या दोन खोल्यांचं गरम भाडं शेवटी १०५० युरो होतं. आणि स्वयंपाकघर? पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा मी त्या खोलीच्या दारातच थांबले. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून पाण्याचे दोन नळकांडे बाहेर आलेले आणि एक जाड वायर लोंबत असलेली. भाडेकरू स्वयंपाकघर स्वतःचं आणतो आणि जाताना सोडवून नेतो. आम्ही आधीच्या बाईंकडून त्यांचं जुनं ९०० युरोंना घेतलं, आणि येताना पुढच्याला ४०० ला दिलं. याशिवाय बस-रेल्वेचा महिन्याचा पास (तो आता ६३ युरो आहे, पण देशभर चालतो, एवढ्या पैशांत असा पास मी कुठे पाहिला नाही), घरटी १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचं शुल्क, टीव्ही असो नसो. हे सगळं जाऊन आम्ही दोघं कमवायला लागल्यावर महिन्याला चारशे-पाचशे युरो गावी पाठवू शकत होतो. पहिली दोन वर्षं मात्र दीडशेसुद्धा ओढाताणीने.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी पगार बाजूला ठेवायला सांगते आणि म्हणते, घरात कुणी आजारी पडलं तो दिवस डोळ्यांसमोर आणा. तो इथे कसा जातो, तिथे कसा जातो, ते मांडा. मी दोन्हीकडचे दिवस काढले आहेत.

२०१६ मध्ये माझ्या पित्ताशयात खडे निघाले. रात्री दुखायला लागलं, पहाटे भरती झाले, दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन, चौथ्या दिवशी घरी. भरती होताना विम्याचं कार्ड मागितलं, बाकी काही नाही. डिपॉझिट हा शब्द कुणाच्या तोंडात आला नाही. तीन आठवड्यांनी टपालाने बिल आलं : चाळीस युरो. रुग्णालयात राहण्याचे रोजचे दहा युरो पेशंटने द्यायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. उरलेलं सगळं विमा संस्थेने भरलं. तीन आठवडे घरी होते, पगार पूर्ण. तिथे कायद्यानेच सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, त्यानंतर विमा संस्था पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत देत राहते. साताऱ्यात मी नोकरी करत होते तेव्हा टायफॉइड झाला होता, त्या महिन्याचा अर्धा पगार कापून हातात आला होता. ते आठवून मला त्या बिलाकडे बघत रडू आलं.

पण त्याच चार दिवसांत दुसरंही पाहिलं. संध्याकाळी पाचला जेवण येतं, तेही थंड. दोन ब्राऊन पावाच्या चकत्या, चीजचे दोन तुकडे, आंबट काकडी आणि पेपरमिंटचा चहा. मिस्टरांची तेव्हा कारखान्यात दुपारपाळी, ते रात्री यायचे तोवर भेटीची वेळ संपलेली. शेजारच्या खाटेवर ८२ वर्षांच्या आजी होत्या. त्यांच्याकडे चार दिवसांत कुणी फिरकलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं असंही नाही, मुलगा हॅम्बुर्गला आहे, रविवारी फोन करेल, म्हणाल्या. मला मात्र रात्री मऊ वरणभात आणि आईचा हात, एवढंच हवं होतं.

त्यानंतर २०१९. पहाटे बाबांच्या छातीत कळ आली. भावाने त्यांना साताऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. आधी पन्नास हजार भरा, मग आत घेऊ. मी तिकडे नाइटला होते, फोन आला तेव्हा औषधांची ट्रॉली हातात होती. दोन स्टेंट पडले, बिल दोन लाखांच्या वर गेलं. सरकारची मोफत उपचारांची जनआरोग्य योजना तेव्हा दीड लाखांची होती आणि ते रुग्णालय योजनेत नव्हतं. आता ती पाच लाखांपर्यंत गेली आहे, त्यामुळे तुम्ही आपलं जवळचं रुग्णालय योजनेत आहे का हे आजच बघून ठेवा. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, त्या सोडवायला आम्हाला वर्ष लागलं. हे एकट्या आमचं नाही. आपल्या देशात आरोग्यावर जो खर्च होतो त्यातला जवळपास चाळीस टक्के लोक आपल्या खिशातून करतात. २०२१-२२ चा सरकारी आकडा ३९.४ टक्के आहे. जर्मनीत हे प्रमाण साधारण आठवा हिस्सा.

मी दोन दिवसांनी पोचले. आयसीयूबाहेरच्या पॅसेजमध्ये चादरी टाकून आमची माणसं बसलेली. चुलतभाऊ, मामा, शेजारचे काका, भावाच्या दुकानातला पोरगा. पाळ्या लावून घेतल्या होत्या. डबे तीन घरांतून येत होते. रक्त लागेल म्हणून गल्लीतली चार पोरं आधीच नाव देऊन गेली होती. बाबा शुद्धीवर आले तेव्हा काचेपलीकडे त्यांना ओळखीचे सात चेहरे दिसले. वॉर्डात एकटे पडलेले म्हातारे दहा वर्षं हाताळल्यावर मला त्या सात चेहऱ्यांची किंमत कळते. पण त्या चेहऱ्यांनी पाटल्या वाचल्या नाहीत, हेही तितकंच खरं.

कामाचं सांगायला हवं, कारण त्यातच बऱ्याच जणी खचतात. इथे आपण सलाईन लावतो, इंजेक्शन देतो, कॅथेटर टाकतो. अंग पुसणं, भरवणं हे मावशी आणि नातेवाईक करतात. तिथे उलट. पेशंटला अंघोळ घालणं, दात घासून देणं, डायपर बदलणं, घास घास भरवणं, हे सिस्टरचं मुख्य काम, आणि शिरेतलं इंजेक्शन बऱ्याच ठिकाणी डॉक्टर देतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, एवढं शिकून हेच करायला आले का? मग एक बेकरीवाले आजोबा आले, पक्षाघाताचे. रोज सकाळी त्यांची दाढी मी करायचे. आधी गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं गालावर धरायचं, मग साबण, मग चांगल्या बाजूने सुरुवात. दहाव्या दिवशी त्यांनी तो गाल स्वतःहून माझ्याकडे वळवला, ज्या बाजूला काही कळत नव्हतं तो. वॉर्डातल्या डॉक्टरच्या आधी ते मी पाहिलं. तेव्हापासून मला त्या कामात कमीपणा वाटला नाही. तुमच्या मनाला हे झेपेल का, हे मात्र इथेच नीट ठरवून जा. आणि रात्री एका सिस्टरवर वीस-बावीस पेशंट तिथेही असतात. ‘परदेशात काम कमी’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

डिसेंबरात सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि साडेचारला मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मला नीट झोप लागत नव्हती. बाहेर फिरत राहणं आणि रोज कुणाशी तरी मराठीत बोलणं, या दोन गोष्टींनी मी तरले.

शेजाराचंही वेगळंच आहे. आमच्या इमारतीत एक लाकडी पाटी होती. ज्याच्या दाराला ती टांगली, त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी त्याची. त्या भागात ही जुनी पद्धत आहे. पहिल्याच पाळीला खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि मला दाखवून गेल्या, की कठडाही पुसायचा असतो, खालून वर. दहा वर्षांत त्या आमच्या घरात दोनदा आल्या, दोन्ही वेळा आधी वेळ ठरवून. पण आमचा मुलगा झाला त्या आठवड्यात दाराच्या मुठीला विणलेल्या मोज्यांची पिशवी टांगलेली होती. बाळंतपणानंतर सुईण पहिले दहा दिवस रोज घरी आली, बाळाचं वजन, माझे टाके, दूध, सगळं बघायला, आणि तिचे पैसे विम्यातून. डिंकाचे लाडू मात्र आईने कुरियरने पाठवले.

आता तुमच्या मुलीचं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिला मागे ठेवू नका. नुसत्या मायेपोटी म्हणत नाही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीनंतर मुलाची वाट ठरू लागते, कुणी विद्यापीठाकडे जाणाऱ्या गिम्नाझियममध्ये, कुणी दुसऱ्या शाळेत. पुढे बदलता येतं, पण कष्टाने. सहाव्या-सातव्या वर्षी गेलेलं मूल खेळता खेळता भाषा उचलतं आणि चौथीपर्यंत वर्गाच्या बरोबरीला येतं. तीच मुलगी नऊ वर्षांची होऊन गेली, तर तिच्या हातात जेमतेम एक वर्ष उरतं, आणि हुशार मूल केवळ भाषेपायी मागच्या वाटेला लागतं. आमच्या ओळखीच्या दोन घरांत असं झालेलं आहे. कुटुंबाला न्यायला पुरेसं घर आणि पुरेसा पगार दाखवावा लागतो, म्हणून बी-टू इथेच पूर्ण करा आणि मान्यता लवकर पदरात पाडून घ्या. वर्षभरात ती तुमच्याजवळ आली पाहिजे.

आणि मिस्टर? ऑक्टोबर छाटणी ज्याने हाताने केली आहे, तो माणूस बाग खंडाने देऊन गोदामात खोकी उचलायला तयार होईल का, हे त्यांना आजच विचारा. होय म्हणाले, तर त्यांनाही जर्मनच्या पहिल्या परीक्षेला, ए-वनला बसवा. माझे मिस्टर साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होते. तिथे पहिलं वर्ष घरी बसले, आणि आमच्या संसारातलं सर्वांत कठीण वर्ष तेच. मुलीला घेऊन, नवऱ्याच्या मनापासूनच्या होकाराने आणि कर्ज न काढता जाता येत असेल तर जा, सिस्टर. तुम्हाला २२ हजारांत नऊ वर्षं राबवून घेतलं आहे, त्यापेक्षा तिथे तुमच्या हातांना मान आहे. या तिन्हींतली एक जरी गोष्ट जमत नसेल तर घाई करू नका.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या आसपास, चिंचवडला राहतो. मुलगा म्युनिकला. गेल्या वर्षी तीन महिने राहून आलो, फार आवडलं. मुलगा म्हणतो, इथला फ्लॅट विका आणि कायमचे या. म्हातारपण कुठे चांगलं जाईल? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : काका, फ्लॅट विकू नका. बाकीचं नंतर.

तुम्ही गेलात तो पर्यटक व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवसांचा. कायमचं राहणं वेगळं. १ मार्च २०२४ पासून तिथल्या कायद्याने कुशल कामगारांना आई-वडिलांना बोलावून घेण्याची वाट उघडली आहे, पण ज्यांना कुशल कामगाराचा परवाना त्या तारखेपासून पुढे पहिल्यांदा मिळाला त्यांनाच. मुलगा आधीपासून तिथे असेल तर त्याला ती लागू होते का, हे तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. दुसरी अडचण विम्याची. मी वर ज्या विम्याचं कौतुक केलं, तो नोकरी करून वर्गणी भरणाऱ्यांचा. सत्तरीत नव्याने आलेल्या माणसाला त्या सरकारमान्य संस्था सहसा घेत नाहीत, खासगी कंपनीकडे जावं लागतं. ती मधुमेह, रक्तदाब सगळं विचारते आणि महिन्याला माणशी कित्येकशे युरो सांगते. मुलाने हा आकडा काढला आहे का?

तरी तुम्हाला काय आवडलं असेल, याचा मला अंदाज आहे. तिथे म्हातारी माणसं एकटी बाहेर पडतात. आमच्या खालच्या आजी ८६ वर्षांच्या, चाकांचा वॉकर ढकलत रोज बेकरीत जायच्या. पदपथ सलग, कोपऱ्याला उतार दिलेला, बस थांब्यापाशी एका बाजूने खाली झुकते, चालक म्हातारी बसेपर्यंत थांबतो. माझी आई त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मंडईत एकटी जायला घाबरते. पदपथावर हातगाडी, मग खड्डा, मग लावलेल्या मोटारसायकली, म्हणून रस्त्यावर उतरावं लागतं. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. लोकसंख्या सतरा पट धरली तरी हे गणित आपल्या बाजूने लागत नाही. आणि हे पैशाअभावी नाही, काका, नवा पूल बांधायला आपल्याकडे पैसा मिळतो. चिंचवडमध्ये तुमच्यासारख्या शंभर जणांनी प्रभागाच्या कार्यालयात पदपथाचा अर्ज घेऊन बसावं, असं मला फार मनापासून वाटतं.

पण तीन महिन्यांत मुलाने रजा काढलेली असते, नातवंडं नवलाईत असतात, उन्हाळा असतो आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. नोव्हेंबरात जाऊन बघा. सकाळी आठला सगळे बाहेर, तुम्ही दोघं घरात. दारावर दूधवाला नाही, पेपरवाल्याशी बोलणं नाही, दुपारी बारापर्यंत खिडकीतून जाणारी माणसं मोजायची. जिन्यात कुणी भेटलं तर ‘हालो’ म्हणतं आणि जातं. माझ्या वॉर्डात एक गुजराती आजोबा आले होते, मुलाकडे राहणारे. कुठे दुखतं ते सांगायला शब्द नव्हते. मी हिंदीत विचारलं तर त्यांनी माझा हात धरला तो ड्युटी संपेपर्यंत सोडवेना. म्हातारपणी दुखणं आपल्या भाषेत सांगता येणं ही लहान गोष्ट नाही.

माझं म्हणणं असं : दर उन्हाळ्यात तीन महिने जा, उरलेलं वर्ष आपल्या घरात राहा, आणि मुलाला सांगा की तू आमचा जो विमा तिथे भरणार होतास, तेवढे पैसे इथे दिवसभराच्या मदतनीस बाईसाठी आणि जिन्याला लिफ्ट असलेल्या घरासाठी बाजूला टाक.

प्रश्न : आम्हीही जर्मनीतून परत यायच्या विचारात आहोत, मुलगा आठ वर्षांचा आहे. मानव विकास निर्देशांकात जर्मनी पाचव्या क्रमांकावर, भारत १३० वर. असं असताना मुलाला घेऊन परत येणं म्हणजे त्याचं नुकसान करणं नाही का? तुमच्या मुलाला काय जड गेलं? — एक आई, मूळ गाव नाशिक

उत्तर : ते क्रमांक बरोबर आहेत, २०२५ च्या अहवालातले. आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि उत्पन्न यांवरून ते काढतात, आणि या तिन्हींत तिथे आपल्यापेक्षा खूप पुढे आहेत, यात वाद घालण्यासारखं काही नाही. आम्ही परत आलो ते तो आकडा खोटा वाटला म्हणून नव्हे. २०२२ मध्ये बाबा गेले तेव्हा त्यांचे अंत्यविधी मी वॉर्डाच्या विश्रांतीच्या खोलीत फोनवर पाहिले, आणि त्यानंतर आई एकटी होती. तेवढंच कारण. माझी पेन्शनची वर्गणी पाच वर्षांहून जास्त भरलेली आहे, त्यामुळे ६७ व्या वर्षी तिकडची थोडी पेन्शन मला इथे मिळेल. भारत-जर्मनी करार २०१७ पासून लागू आहे. तुमचीही पाच वर्षं पूर्ण होत आली असतील तर ती होऊ द्या आणि मगच निघा.

मुलाला काय जड गेलं? गोंगाट. तिथे रात्री दहानंतर कुणी भिंतीत खिळाही ठोकत नाही, रविवारी दुकानं बंद असतात, सगळं गाव शांत. इथे पहिल्या गणपतीत तो कानांवर उशी धरून झोपायचा. दुसरं, नळाचं पाणी. तिथे रात्री तहान लागली की उठून नळाला तोंड लावायचा, इथे तसं करू नको, अशी सहा महिने त्याला आठवण करून द्यावी लागली. शाळेत मराठी लिहिताना जोडाक्षरं अडली, ‘ळ’ आणि ‘ण’ अडले, ते आजीने चार महिन्यांत मार्गी लावलं. वर्गात ५२ मुलं आहेत, तिथे २३ होती, त्यामुळे प्रश्न विचारायला हात वर केला तरी पाळी येत नाही, हे तो अजून सांगतो. बाईंशी मी त्यावर बोलले आहे. त्या म्हणाल्या, खरं आहे, पण मी एकटी काय करू? त्यांचंही चूक नाही.

मिळालं काय, तर संध्याकाळी सहाला बोळात अकरा मुलं जमतात आणि कुणाच्या आईने वेळ ठरवलेली नसते. पहिल्या आठवड्यात तो मला विचारत होता, मी न सांगता त्यांच्याकडे गेलो तर चालेल का?

तिथे तो दुसरीपासून शाळेत एकटा चालत जायचा, बाराशे पावलं, त्याने मोजली होती. इथे शाळा त्याहून जवळ आहे, पण मी सोडायला जाते. पोवई नाक्यावर पांढऱ्या पट्ट्यांपाशी तो अजूनही थांबतो आणि गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघतो, तिथे शिकवलेलं असतं तसं. गाड्या थांबत नाहीत, मग मी त्याचं मनगट धरून ओलांडते. तुम्ही आलात की तुमच्या मुलालाही आधी हेच शिकवावं लागेल, त्याची तयारी आत्तापासून करा. दाखल्यासाठी तिथल्या शाळेची प्रगतिपुस्तकं इंग्रजीत भाषांतर करून, शिक्का मारून आणा. आम्ही ते केलं नव्हतं, त्यात दोन महिने गेले.